पुस्तके लिहिणाऱ्या बाईंचा संसार



आता तुम्हां सर्वांना वाचता येऊ लागले आहे. पाटी सुटली आणि हातात पुस्तक आले. काही जणी तर आमच्याकडे जाडजूड कादंबऱ्या मागू लागल्या आहेत. त्यावरून दोघा-तिघांनी आम्हांला विचारले, "ही कादंबऱ्या लिहिणारी माणसं दिवसभर करतात तरी काय? नांगर नाही, खुरपं नाही. बसल्या जागी पैसे मिळतात म्हणायचे!"

प्रश्न सरळ आहे. म्हणून आज आम्ही कादंबरीतली गोष्ट सांगणार नाही. कादंबरी लिहिणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. प्रेमाच्या कादंबऱ्या लिहून त्यांनी संसार चालवला.

बाई इंग्लंडातल्या. नाव जॉर्जेट हेयर. जन्म १९०२ सालचा, विंबल्डनचा. वडील शाळामास्तर होते, फ्रेंच भाषा शिकवीत. जॉर्जेटला दोन धाकटे भाऊ. त्यांतल्या बोरिसला रक्ताचा आजार होता. असे मूल दुखण्याने अंथरुणाला खिळले की त्याचा वेळ जाता जात नाही. तेव्हा सतरा वर्षांची जॉर्जेट त्याला एक गोष्ट रचून सांगू लागली. मोठ्या घरचा एक मुलगा असतो. भावाचा आळ तो आपल्या अंगावर घेतो, घर सोडतो आणि वाटमारी करू लागतो, अशी ती गोष्ट. वडिलांच्या कानावर ती पडली. ते म्हणाले, ही नीट लिहून काढ, आपण छापायला पाठवू. १९२१ साली ती पुस्तकरूपाने बाहेर आली. तेव्हा जॉर्जेट होती अवघी एकोणीस वर्षांची.

इथवर सारे हौसेचे झाले. पण १९२५ साली वडील एकाएकी वारले. मागे पेन्शन नाही. एक भाऊ १९ वर्षांचा, एक १४ वर्षांचा. जॉर्जेटचे लग्न ठरलेले होते. दोन महिन्यांनी ते झाले, पण भावांचा भार तिने टाकला नाही. म्हणजे सासरचा संसार आणि माहेरचीही जोखीम, असे दोन्ही खांद्यांवर ओझे. आता लेखणी हौसेची राहिली नाही. ती चुलीसाठी चालू लागली.

नवरा खाणींचा इंजिनियर होता. कामासाठी त्याला दूरदेशी जावे लागे. १९२७ साली बाई त्याच्यापाठोपाठ आफ्रिकेतल्या टांगानिकात गेल्या. आज त्या मुलखाला टांझानिया म्हणतात. तिथे रानात गवताने शाकारलेल्या झोपडीत त्यांचे बिऱ्हाड. अशा ठिकाणी बसून त्यांनी एक कादंबरी लिहिली. गोष्ट इंग्लंडातली, पावणेदोनशे वर्षांमागची. हाताशी नेहमीची सारी संदर्भाची पुस्तके नाहीत. पुष्कळसे डोक्यात साठवलेले. पुढे जाणकारांनी तपासून पाहिले तर चूक सापडली एकच. लंडनातले एक मंडळ जेव्हा सुरू झाले, त्याच्या एक वर्ष आधी बाईंनी ते दाखवले होते. आमच्या मते ही चूक कौतुकाने सांगावी अशीच आहे.

पुढे नवऱ्याने ते काम सोडले. इंग्लंडात परत येऊन खेळाच्या सामानाचे दुकान चालवले. मग वकिलीचा अभ्यास केला. १९३९ साली तो वकील झाला. तोवर घर चालले ते मुख्यतः बाईंच्या लिखाणावर. कित्येक वर्षे त्यांनी वर्षाला दोन पुस्तके लिहिली. एक प्रेमकथा, एक खुनाच्या तपासाची गोष्ट. त्या खुनाच्या गोष्टींत नवरा मदत करी. खून कसा झाला ते तो ठरवी, माणसे कशी बोलली-चालली ते बाई लिहीत. नवरा-बायकोने मिळून खुनाचा बेत करायचा आणि त्यावर घर चालवायचे, असा हा संसार!

आता कामाचे सांगतो. बाईंच्या बहुतेक प्रेमकथा इंग्लंडातल्या एका ठराविक काळातल्या आहेत. साधारण १८११ ते १८२० चा तो काळ. आपल्याकडे तेव्हा पुण्यास दुसरे बाजीराव पेशवे होते, आणि १८१८ साली त्यांचे राज्य गेले. बाई या काळात स्वतः जगलेल्या नव्हत्या. मग त्या काळची माणसे काय खात, काय लेत, कुणाला काय म्हणून हाक मारीत, हे त्यांना कसे कळावे?

ते त्यांनी कणाकणाने गोळा केले. घरात इतिहासाची हजारावर पुस्तके जमवली. तपकिरीच्या डब्यांवरचे पुस्तक वेगळे, रस्त्यावरच्या पाट्यांवरचे वेगळे, पोशाखांवरचे वेगळे. मासिकांतली चित्रे कापून ठेवली. वह्या आणि टिपणांच्या चिठ्ठ्या केल्या. त्यांना मथळे दिले: टोप्या, रंग, दुकाने, भाव, घरसामान. अमक्या साली मेणबत्त्यांना काय पडत, हेदेखील त्यांच्या वहीत टिपलेले असे. लाडाने हाक मारण्याचे शब्द वेगळे लिहिलेले असत. वाण्याच्या दुकानात जसे डबे ओळीने लावलेले असतात, गिऱ्हाईक आले की हात बरोबर त्याच डब्यावर जातो, तसे हे.

वॉटर्लूच्या लढाईवर त्यांनी १९३७ साली एक कादंबरी छापली. ती लढाई १८१५ साली झाली आणि तीत इंग्रजांचा सेनापती होता वेलिंग्टन. हा वेलिंग्टन आपल्याला परका नाही बरं का. सरदार व्हायच्या आधी तो वेलस्ली या नावाने आपल्या मुलखात लढला. १८०३ साली असईला त्याची मराठ्यांशी मोठी लढाई झाली. ही असई आज जालना जिल्ह्यात आहे. या वेलिंग्टनच्या हातचे एक पत्र बाईंनी पैसे मोजून विकत घेतले. कशासाठी? तर तो माणूस वाक्य कसे मांडतो ते पाहण्यासाठी. कादंबरीत त्याच्या तोंडी घातलेले शब्द त्यानेच कधी ना कधी बोललेले किंवा लिहिलेले आहेत, असे बाई सांगत.

पुढे एका प्रकाशकाने त्यांच्या लिखाणातली भाषा सुधारायचे मनात आणले. तेव्हा त्याच्याच कचेरीतल्या लोकांनी त्याला सांगितले की, त्या काळची भाषा या बाईंहून जास्त जाणणारे इंग्लंडात कुणी नाही. त्याने हात आखडता घेतला.

पीक आले तरी ते बाजारात न्यावे लागते. पुस्तकाचेही तसेच आहे. लेखकाने गावोगाव जावे, भाषणे करावी, वर्तमानपत्रवाल्यांना भेटावे, आपला फोटो छापून आणावा, अशी प्रकाशकाची इच्छा असते. बाईंच्याच काळात इंग्लंडात बार्बरा कार्टलंड नावाच्या दुसऱ्या बाई प्रेमकथा लिहीत. त्या सोफ्यावर पडून गोष्ट सांगत आणि सेक्रेटरी लिहून घेई. पुस्तके शेकड्यांनी झाली. त्या गुलाबी पोशाख करून लोकांपुढे येत, टेलिव्हिजनवर बोलत. त्यांचा चेहरा घरोघर माहीत होता. त्यांची पुस्तके भरपूर खपली.

हेयरबाईंची तऱ्हा नेमकी उलटी. त्या मुलाखत देत नसत. आपल्या घराविषयी कुणाला सांगत नसत. हे त्यांनी कशावरून ठरवले, ते ऐका. १९२६ साली त्यांची एक कादंबरी निघाली. त्याच वर्षी इंग्लंडात खाणकामगारांच्या मजुरीवरून देशभर मोठा संप झाला होता. या संपाच्या गडबडीत पुस्तकाची ना जाहिरात झाली, ना कुणी परीक्षण लिहिले. तरी त्याच्या १,९०,००० प्रती खपल्या. कुणी तरी वाचले, शेजारणीला सांगितले, शेजारणीने बहिणीला सांगितले. बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली की, पुस्तक चांगले असेल तर आपण मिरवायची गरज नाही.

सगळ्याच लेखकांना हे साधेल असे आम्हांला वाटत नाही. नवा माणूस गप्प बसला तर त्याचे पुस्तक दुकानात पडून राहायचे. पण बाईंना साधले. बायकांच्या एका मासिकात त्यांची कादंबरी महिन्या-महिन्याने छापून येई. तेव्हा त्या मासिकाची एक प्रतही शिल्लक राहत नसे.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई श्रीमंत असतील. मिळकत चांगली होती, पण हाती सदा ओढच. इथे एक व्यवहार समजून घ्या. लेखकाला पैसे दोन तऱ्हांनी मिळतात. एक तऱ्हा अशी की, जेवढ्या प्रती विकल्या जातील तेवढ्यांमागे थोडाथोडा वाटा. हे आंब्याच्या झाडासारखे. झाड फळते आणि दरसाल चार पैसे येतात. दुसरी तऱ्हा हक्क विकण्याची. एकरकमी पैसे घ्यायचे आणि झाडच दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचे.

दुसऱ्या महायुद्धात कागदाचे रेशन झाले. पुस्तके कमी छापली जाऊ लागली. नवऱ्याची वकिली नवी, बरकत नाही. तेव्हा बाईंनी आपल्या तीन पुस्तकांचे हक्क ७५० पौंडांना प्रकाशकाला विकून टाकले. संपाच्या वर्षी खपलेली ती कादंबरीही त्यांतच गेली. म्हणजे सर्वांत फळणारे झाड गेले. पुढे त्या प्रकाशनसंस्थेतल्या एका मित्राने सांगितले, "तेवढेच पैसे परत द्या आणि हक्क घेऊन टाका." फायदा उघड होता. बाई म्हणाल्या, मी शब्द दिला आहे. हक्क त्यांनी परत घेतले नाहीत.

यावर आमच्यात वाद झाला. काही जण म्हणाले, घ्यायला हवे होते, मित्र आपणहून देत होता. काही म्हणाले, नाही घेतले तेच बरे. तुम्हांला काय वाटते ते वर्गात बोलून पाहा.

आणखी एक ओझे सरकारी कराचे. पुस्तक खपले की मिळकत दिसते आणि कर लागतो. कर भरायला पुन्हा पुस्तक लिहायचे. ते खपले की पुन्हा कर. बैल चरकाभोवती फिरावा तसे चालले होते.

यात बाईंचे एक काम मागे पडले. जुन्या काळच्या एका राजपुत्रावर मोठी ऐतिहासिक कादंबरी लिहावी, तीन भागांत लिहावी, असा त्यांचा मनसुबा होता. त्या राजपुत्राचे नाव जॉन. पाचशे वर्षांहून जुनी हकीकत. त्यासाठी त्यांनी पुष्कळ वाचले, सुरुवातही केली. पण वाचकांना हवी असे पुढची प्रेमकथा. घराला आणि कराला हवे असत पैसे. दर वेळी राजपुत्राचे कागद बाजूला सारायचे आणि बॉलनाच, बग्ग्या आणि लग्नाच्या गोष्टी लिहायला बसायचे. त्या आपल्या प्रेमकथांची स्वतःच थट्टा करीत. मोठे टीकाकार तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आपल्याकडेही काही जण म्हणतात, प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे रिकामा उद्योग. मोठ्या ग्रंथाची गोष्ट वेगळी.

वाचकांची पत्रे बाईंना येत. बहुतेक पत्रे त्या टाकून देत. एक मात्र त्यांनी जन्मभर जपून ठेवले. ते पत्र रुमानिया देशातल्या एका बाईचे होते. त्या देशात राजकारणापायी तिला तुरुंगात टाकले होते. एक दोन नव्हे, बारा वर्षे. तुरुंगात पुस्तक नाही, कागद नाही. पण आत जाण्याआधी तिने हेयरबाईंची एक कादंबरी वाचलेली होती. 'फ्रायडेज चाइल्ड' तिचे नाव, १९४४ सालची. गोष्ट अगदी हलकीफुलकी. एका उडाणटप्पू तरुणाला एक मुलगी नकार देते. तो रागारागाने म्हणतो, आता वाटेत जी पहिली भेटेल तिच्याशी लग्न करीन. भेटते ती त्याच्या ओळखीतली एक गरीब, पोरकी पोर. तो खरोखरच तिच्याशी लग्न करतो. मग तिचे भोळेपणाचे घोटाळे, त्याचे वैतागणे आणि हळूहळू दोघांची माया जडणे. बस, एवढेच.

ही गोष्ट त्या बाईने तुरुंगातल्या आपल्या सोबतिणींना सांगितली. संपली की पुन्हा पहिल्यापासून सांगितली. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तसे. फक्त इथे पोथी समोर नव्हती. बारा वर्षे ही गोष्ट त्या कोठडीत फिरत राहिली. तिच्यामुळे आमचे डोके ठिकाणावर राहिले, असे तिने सुटल्यावर हेयरबाईंना कळवले.

बाई १९७४ सालच्या जुलैत फुप्फुसाच्या कॅन्सरने वारल्या. सिगारेट त्या फार ओढीत. राजपुत्र जॉनचे पुस्तक जेवढे लिहून झाले होते तेवढे, अपुरेच, पुढच्या वर्षी छापण्यात आले. त्या वारल्या तेव्हा त्यांची ४८ पुस्तके बाजारात विकत मिळत होती. आजारी भावासाठी रचलेली ती पहिली गोष्टही त्यांत होती. वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमी आली. बाईंचे सासरचे नाव रूझिए होते, हे त्यांच्या वाचकांना त्या बातमीतून पहिल्यांदा कळले.