माधवदासांच्या नावाची पोकळी

योगशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, हे तुम्हा सर्वांना परीक्षेपुरतं पाठ आहे. मला बोलायचं आहे ते नौलीवरच्या, म्हणजे पोटाचे स्नायू मधोमध आवळून धरण्याच्या क्रियेवरच्या, त्यांच्या प्रयोगाबद्दल.

हठयोगात बस्ती ही आतडं धुण्याची क्रिया सांगितली आहे. साधक नाभीपर्यंतच्या पाण्यात उकिडवा बसतो आणि नौली करून गुदद्वारातल्या नळीतून पाणी आत ओढून घेतो. पाणी वर चढतं, हे साधकांना कित्येक शतकं अनुभवाने माहीत होतं. का चढतं, हे कुणी मोजलं नव्हतं. कुवलयानंद हे मालसरच्या परमहंस माधवदासजींचे शिष्य, गुरूवर अपार निष्ठा असलेले. तरीही त्यांनी नौली करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यात नळी घालून ती दाबमापकाला जोडली. पोटाचे दोन उभे स्नायू आवळून मधोमध दोरखंडासारखे उठले, की आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरत होता. पाणी चढण्याचं कारण हाती लागलं. आतड्यात तयार होणाऱ्या त्या पोकळीला त्यांनी ‘माधवदास निर्वात’ असं नाव दिलं.

तपासायचं यंत्राने आणि नाव लावायचं गुरूचं! मला यात जराही विसंगती दिसत नाही. परंपरा पुढे नेण्याचा याहून सच्चा मार्ग मला ठाऊक नाही.

आणि असं तपासून पाहणं हे काही विसाव्या शतकाचं खूळ नव्हे. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य पहिल्या पादातच बजावतं, की शास्त्र आणि आचार्य खरंच सांगत असले तरी त्यातला एखादा भाग जोवर स्वतःच्या इंद्रियांनी अनुभवला जात नाही, तोवर सगळं परोक्षच राहतं आणि बुद्धी ठाम होत नाही. म्हणून काहीतरी एक प्रत्यक्ष करून घ्याच, असा भाष्यकारांचा आग्रह आहे. योगसूत्रकार पतंजलींनी आसनाला अवघी तीन सूत्रं दिली, पण सत्य हे त्याच्या कितीतरी आधी, यमांमध्ये, म्हणजे योगाच्या पहिल्याच अंगात घातलं. योगशिक्षकाचं सत्य त्याच्या दाव्यांत दिसतं.

तुम्ही उद्या वर्ग सुरू कराल. पहिल्याच आठवड्यात एखाद्या काकू सतरंजीची घडी घालता घालता विचारतील, “सर, आता बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?” त्या तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकून विचारत असतील. होकार दिलात तर त्या खूश होतील, आणखी चार जणींना घेऊन येतील. तिथे तुमचा यम पणाला लागतो. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, हे स्पष्ट सांगा, आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला शिका.

प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू भरतो, हे वाक्य तर प्रत्येक शिबिरात ऐकू येतं. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही प्राणवायूने जवळजवळ भरलेलंच असतं. दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. प्राणायामाचं मोल श्वासाच्या लयीत, कुंभकात, मनाच्या स्थिरतेत आहे. त्याला उसनं मोठेपण कशाला? शीर्षासनाला आसनांचा राजा म्हणतात; त्यात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. वर्गात कुणाला काचबिंदू आहे का, हे विचारल्याशिवाय ते शिकवणं म्हणजे हिंसाच. अहिंसेवर व्याख्यान देऊन ती हिंसा भरून निघत नाही.

तुमचा स्वतःचा अभ्यास मात्र सोडू नका. पहाटेची बैठक मोडली की शिकवण्यातलं तेज जातं, आणि ते कुठल्याही प्रमाणपत्राने परत येत नाही. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने, या पतंजलींच्या अटी शिष्याइतक्याच शिक्षकालाही लागू आहेत.

शेवटी विभागप्रमुखांना एक विनंती. या मुलामुलींच्या वर्गांत कुणाची कंबर दुखावली, कुणाला चक्कर आली, कुणाला सहा महिने करूनही गुण आला नाही, अशा नोंदी या मुलामुलींनी दरवर्षी विभागाकडे पाठवाव्यात आणि विभागाने त्या, कुणाचंही नाव न देता, यशाच्या कहाण्यांइतक्याच ठळकपणे छापाव्यात. यंदाच्या तुकडीपासूनच हे सुरू करता येईल.