सहलीसाठी जहाज निवडताना

सहलीला जाणाऱ्याने आधी स्थळ निवडावे आणि मग वाहन पाहावे, असा आजवरचा परिपाठ. अलीकडे मात्र वाहन हेच स्थळ होऊन बसले आहे. बोटीने कोठे जायचे यापेक्षा कोणत्या कंपनीच्या बोटीने जायचे, असे लोक विचारतात. माझे बिऱ्हाड चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून साताऱ्याच्या माझ्या भाच्याने हाच प्रश्न मला केला, आणि बहात्तर वर्षांच्या माझ्या ताईला जलप्रवास घडवण्याची जबाबदारी मजवर येऊन पडली.

या वस्तीला पूर्वी ब्लॅक टाउन म्हणत. जॉर्ज टाउन हे नाव १९११ चे. येथील थंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकांबाळ देवीचे १६७७ साली शिवछत्रपतींनी दर्शन घेतले, अशी त्या देवळाची परंपरा सांगते. या किनाऱ्याला निसर्गाने बंदर दिलेले नाही. एकेकाळी मोठी गलबते दूर समुद्रात उभी राहत आणि उतारू काथ्याने शिवलेल्या मसूला होड्यांतून, लाटांचे तडाखे खात, किनारा गाठीत. त्या काळी निवड करण्याची चैन कोणाला होती? पाय वाळूला लागले म्हणजे नशीब!

आज या बंदरातून समुद्रावर जाण्याच्या दोन तऱ्हा ध्यानात घ्याव्या लागतात. एक अंदमानला जाणारी सरकारी प्रवासी बोट. ती बेटावरच्या लोकांची एस.टी.च म्हणा ना. साधारण साठ तासांचा प्रवास. बंकपासून स्वतंत्र खोलीपर्यंत वर्ग. करमणूक म्हणजे कठड्याशी उभे राहून पाणी पाहणे. दुसरी तऱ्हा विहारनौकेची. २०२२ च्या जूनमध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ येथून विशाखापट्टणम् आणि पुदुच्चेरीच्या सफरीस निघाली. तिच्यावर उपाहारगृहे, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, सारे काही. पण गंमत पाहा, ही नौका १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली आणि आधी दुसऱ्या कंपन्यांच्या सेवेत वावरलेली. जहाजावरील नाव आणि रंग बदलतो, सांगाडा तोच राहतो. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की कंपनीच्या जाहिरातीबरोबर त्या विशिष्ट जहाजाचीही चौकशी करावी: ते केव्हा बांधले, डागडुजी केव्हा झाली, वैद्य आणि दवाखाना आहे की नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. भाडे स्वस्त दिसले तर आधी महिना पाहावा. तिसरी गोष्ट पैशाची. तिकिटाचा आकडा हा खर्चाचा शेवट नव्हे. बंदरावरील कर, किनाऱ्यावरची भ्रमंती, पेये, बक्षिसी यांची बेरीज करून मगच दोन कंपन्यांची तुलना करावी. फेरी रद्द झाल्यास पैसे केव्हा व किती परत मिळतील, ते लेखी घ्यावे. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी खोली जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर मागावी. तेथे हेलकावा कमी बसतो.

चौथी गोष्ट जिवाची. आपण मराठी माणसे ‘रामदास’ बोट विसरू शकत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घर समोर दिसत असताना गेली. आज सागरी प्रवाशांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मोठ्या सफरीच्या जहाजावर निघण्यापूर्वी वा निघताच संकटकाळची कवायत घेतली जाते. कित्येक उतारू ती टाळतात. माझे म्हणणे असे, की ज्या जहाजावर ही कवायत मन लावून करून घेतात, ते जहाज चांगले समजावे. नाट्यगृह नसले तरी चालेल.

हे सारे मी भाच्याला कळवले. त्याचा ओढा विहारनौकेकडे होता. आईला आराम मिळावा, एवढीच त्याची इच्छा. मी दोन्हींचा तपशील ताईला दूरध्वनीवरून वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, “सावरकरांना नेले ते कोणत्या बंदरातून रे?”

मी म्हटले, “येथूनच. १९११ साली. ‘महाराजा’ नावाच्या बोटीतून.”

“मग ठरले,” ताई म्हणाली. “त्यांना पाण्याने नेले, मीही पाण्याने जाईन. परत मात्र विमानाने आण हो, गुडघे माझे आहेत!”

श्रोतेहो, मी चार कसोट्या मोजल्या. पाचवी, आणि खरे म्हणजे पहिली, ताईने सांगितली. आपण समुद्रावर कशासाठी जातो आहोत, हे एकदा ठरले की कंपनी निवडणे सोपे होते. विश्रांतीसाठी जाणाऱ्याने विहारनौका खुशाल घ्यावी. त्यात कमीपणा नाही. ताईसाठी मी फेब्रुवारीतील, समुद्र शांत असतानाची सरकारी बोट पाहिली आहे, बंक नव्हे तर स्वतंत्र खोली. वेळापत्रक बदलते, म्हणून चार दिवस हाताशी राखले आहेत. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम् झाले, हे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “नाव काही असो, तो तुरुंग समुद्रावरून कसा दिसतो, ते मला पाहायचे आहे.”