लय कच्ची, की ब्लूटूथ? रियाजाच्या अ‍ॅपची दुखणी

कोल्हापुरातून मी पुन्हा तुमच्याबरोबर. आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण गाणं-वाजवणं शिकणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातला: रियाजाची अ‍ॅप्स.

आपलं गाव अल्लादियाखाँसाहेबांचं. शाहू महाराजांच्या काळात ते इथे दरबार गायक होते. पन्नासेक किलोमीटरवर मिरज, जिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण मिरजेचा तानपुरा घरोघरी नसतो, फोन असतो. म्हणून तो बिघडला की रियाजच अडतो.

माझ्या मित्राची बहीण तबला शिकते. अ‍ॅपवर ठेका लावून वाजवायची आणि अ‍ॅप दर वेळी सांगायचं, ‘उशिरा’. पोरगी इतकी खचली, की क्लास सोडते म्हणाली. बघतो तर काय, कानात ब्लूटूथ इअरबड्स!

आता गणित बघा. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे कानात ‘धा’ येईपर्यंत कधीकधी अर्धी मात्रा निघून गेलेली असते. ती कानाला धरून बरोबरच वाजवत होती, अ‍ॅप मात्र स्वतःच्या घड्याळाने मोजत होतं. वायरचा हेडफोन लावला आणि ‘उशिरा’ गायब. नुसता तानपुरा किंवा ठेका ऐकून गाणार असाल तर ब्लूटूथ चालेल. अ‍ॅप तुमचं ऐकून मार्क देत असेल, तर वायरच.

दुसरं दुखणं. माइक चालू केला की इअरबड्समधला तानपुरा एकदम जुन्या टेलिफोनसारखा ऐकू येतो. इअरबड्स खराब नाहीत. त्यांचा माइक वापरला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा उतरतो. इथेही उपाय तोच, वायर.

तिसरं, अ‍ॅपला तुमचा आवाजच ऐकू येत नाही. आधी अ‍ॅपची माइकची परवानगी बघा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माइक बंद करायचं बटणही असतं. चुकून दाबलं गेलं, तर परवानगी असूनही सगळं शांत.

चौथं, स्क्रीन बंद झाली की तानपुरा थांबतो. फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

पाचवं, ऑनलाइन क्लास. तुमचा तानपुरा गुरुजींना ऐकूच जात नाही, कारण सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं सॉफ्टवेअरला वाटतं आणि ते तो पुसून टाकतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा.

आता इन्स्टॉलेशन. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी एपीके फाइल नव्या फोनवर बसत नाही. अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या आवृत्त्यांसाठी बनवलेली अ‍ॅप्स फोन सरळ नाकारतो. त्यात फोनचा दोष नाही, जबरदस्तीही करू नका. प्ले स्टोअरवरून नवीन आवृत्ती घ्या. स्टोअरचंच अ‍ॅप अडत असेल तर फोनमधली जागा बघा. आधी बाहेरून टाकलेली त्याच अ‍ॅपची प्रत असेल तर ती काढा, पण त्यातली रेकॉर्डिंग्ज आधी बाजूला काढून ठेवा. अ‍ॅपबरोबर तीही जातात.

शेवटी एकच सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत वाजवून बघा. चार सेटिंगं एकदम बदलली, तर कशानं बरं झालं ते कळत नाही. आणि मशीन ‘चुकलं’ म्हणालं, तर आधी मशीन तपासा. हेडफोन काढा, हातानं ताल धरा, गुरुजींना ऐकवा. त्यांचा कान पाव सेकंद मागे नसतो.

तुमचं अ‍ॅप कुठं अडतंय ते फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहून कळवा. पुढच्या भागात बोलूया. चला, रियाजाला बसा!