मालक बदलला, आपली बोली कुठे?
(पातूर येथील व्याख्यानातून)

रामोजी राव यांनी २००० साली सुरू केलेली ‘ई-टीव्ही मराठी’ घराघरांत पोहोचली. तिच्यावरील ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे ३००० हून अधिक भाग झाले. २०१४ मध्ये टीव्ही-१८ समूहाने वाहिनीतील ५० टक्के वाटा घेतला. २०१५ मध्ये ती ‘कलर्स मराठी’ झाली आणि २०१८ मध्ये तिच्यावर ‘बिग बॉस मराठी’ अवतरले. भांडवल आले, झगमगाट वाढला. पण आपली वऱ्हाडी त्या पडद्यावर कितीशी उमटली? बहुधा विनोदापुरतीच! वाहिनीची मालकी विकली जाते. संस्कारांची मालकी मात्र कुटुंबाकडेच असते. म्हणून रात्रीच्या जेवणापुरता तरी संच बंद ठेवू आणि मुलांशी वऱ्हाडीतच बोलू.