ऑडिटर गेला, म्हणून जबाबदारी गेली का?

(कोलकात्यातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



गार्डन रीचच्या माणसाला कंपनी कायदा कशाला हवा, असे कोणी विचारील. 1 जानेवारी 2004 पासून नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांचे पेन्शन एनपीएसमध्ये आहे, आणि त्यातला काही भाग कंपन्यांच्या रोख्यांत जातो. 2018 साली मुंबईच्या आयएल अँड एफएसची देणी थकली, तेव्हा तिच्या रोख्यांत एनपीएसचे आणि अनेक प्रॉव्हिडंट फंडांचे पैसे अडकले. म्हणून हवा!

कंपनीचे हिशेब तपासणारा ऑडिटर मध्येच सोडून गेला, तर काहीतरी जळत असण्याचा संभव असतो. म्हणून 2013 च्या कायद्यातील कलम 140 सांगते की, त्याने तीस दिवसांत एडीटी-3 नमुन्यात, कारणासह, कंपनीला आणि कंपनी निबंधकाला कळवले पाहिजे. ब्रेथवेटसारख्या सरकारी कंपनीत ऑडिटर कॅग नेमतो, म्हणून तिथे कॅगलाही. न कळवल्यास दंड पन्नास हजार किंवा त्याची फी, जे कमी असेल ते; पुढे रोज पाचशे, कमाल दोन लाख. बड्या फर्मला हा चहापाण्याचा खर्च, असे माझे मत.

रिकामी जागा संचालक मंडळाने तीस दिवसांत भरायची. पण राजीनाम्याने रिकामी झाली असेल, तर तीन महिन्यांत सर्वसाधारण सभेची मंजुरीही लागते. सरकारी कंपनीत कॅग भरतो. शेअर बाजारातील कंपन्यांसाठी सेबीने 2019 मध्ये आणखी बांधले: तिमाही संपल्यावर 45 दिवसांच्या आत जायचे असेल, तर त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जा.

आता मुख्य मुद्दा. आयएल अँड एफएसच्या वित्त कंपनीच्या ऑडिटरांवर बंदी घालावी म्हणून केंद्र सरकार 2019 मध्ये कंपनी न्यायाधिकरणात गेले. एक फर्म आधीच बाहेर पडली होती, दुसरीने नंतर राजीनामा दिला. एप्रिल 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणाले, ऑडिटर गेला, आता कारवाई चालत नाही. 3 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: राजीनाम्याने कारवाई संपत नाही. आरोप खरे ठरले असे मी म्हणत नाही. चौकशीतून सुटायला राजीनामा पुरत नाही, एवढेच.

निबंधकाकडचे कागद फी भरून कोणालाही पाहता येतात. ज्यांचा फंड ट्रस्टकडे आहे, त्यांनी ट्रस्टींना पुढच्या बैठकीत रोख्यांची यादी मागावी आणि त्यातल्या कोणत्या कंपनीचा ऑडिटर गेला, ते लेखी विचारावे.