पाय ठरेल असा डेक

समुद्रावरील अपघात म्हटला, की वादळ, खडक आणि फुटलेले गलबत ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु खलाशाच्या रोजच्या जीवनातले संकट याहून पुष्कळ साधे असते. ते म्हणजे पाय घसरणे. पहाटेच्या अंधारात जाळे ओढले जात असते. डेकवर खारे पाणी, माशांची बुळबुळ, वितळता बर्फ आणि इंजिनाचे थोडेसे तेल यांचा राडा झालेला असतो आणि तेवढ्यात नौका एका कुशीवर कलते. त्या क्षणी माणूस आणि समुद्र यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ तळपायाखालचा खरखरीतपणा. डेकला कोणता लेप द्यावा हा प्रश्न म्हणूनच रंगाच्या आवडीनिवडीचा नसून जिवाच्या जपणुकीचा आहे.

जुन्या काळी या प्रश्नाचे उत्तर सागवान देत असे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आज इंग्लंडातील हार्टलपूल येथे जपून ठेवलेली आहे. तीही मलबारी सागवानाचीच. न रंगविलेली सागवानी फळी ओली झाली तरी पाय धरून ठेवते. आज मात्र सागवान सामान्य मच्छीमाराच्या आवाक्याबाहेर गेले आहे आणि किनाऱ्यावर फायबरच्या नौका वाढल्या आहेत. फायबरचा गुळगुळीत पृष्ठभाग धुण्यास सोपा, पण ओला झाला की काचेसारखा निसरडा.

पाय घसरतो याचे कारण तळवा आणि डेक यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ पापुद्रा तयार होतो. तो भेदून वर येणारी टोके असतील तरच पायाला आधार मिळतो. निसरडेपणा घालविणाऱ्या लेपाचे सारे रहस्य एवढेच: रंगात कठीण कण रोवावयाचे आणि त्यांची टोके उघडी ठेवावयाची.

कण कोणते घ्यावेत? पुष्कळांचा हात सहज किनाऱ्यावरच्या वाळूकडे जातो. हा मोह टाळावा. लाटांनी घासलेले तिचे कण गोलसर असतात, त्यांत शिंपल्यांचा मऊ चुरा असतो, आणि तिच्यातील मीठ रंगाखाली ओलावा ओढून फोड आणते. त्यापेक्षा धुतलेली, वाळवलेली, टोकदार गारेची वाळू बरी. तिच्याहून कठीण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. ते झिजत नाहीत, पण उघडे गुडघे आणि जाळी यांना सोलून काढतात. प्लॅस्टिकचे बारीक मणी सौम्य असतात, परंतु लवकर झिजतात. सबब, एकच कण सर्व डेकभर पसरण्याचे कारण नाही. जेथे उभे राहून जाळे ओढावयाचे तेथे भरड, जेथे गुडघे टेकून मासळी निवडावयाची तेथे बारीक, आणि जेथून जाळे सरकत जाते ती पट्टी गुळगुळीत, असा विवेक केला पाहिजे. फार भरड थरात माशांचा मळ अडकून राहतो, हेही विसरता कामा नये.

कणांना धरून ठेवणारा रंगही तितकाच महत्त्वाचा. एपॉक्सी घट्ट चिकटते, पण उन्हाने भुकटते; म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेनचा हात द्यावा लागतो. लाकूड ओलाव्याने फुगते आणि आकसते, तेव्हा त्यावर थोडा लवचीक लेप हवा. अन्यथा सांध्यांवर तडे जाऊन पाणी आत मुरते. रबरी चटया स्वस्त आणि सोयीच्या वाटतात, पण त्यांच्याखाली पाणी साचून फळी कुजते. पांढरा रंग डोळे दिपवितो आणि गडद रंग उन्हात पाय भाजतो; फिकट राखी छटा मध्यममार्गी होय.

उत्तम लेपही वाईट तयारीवर टिकत नाही. प्रथम तेल व चरबी धुऊन काढावी, मग पृष्ठभाग कागदाने घासून खरबरीत करावा आणि पूर्ण सुकू द्यावा. लोखंड असल्यास गंज काढून अस्तर द्यावे. पहिला हात ओला असतानाच कण सढळ हाताने शिंपडावेत, सुकल्यावर सुटे कण झाडून टाकावेत आणि वर पातळ हात द्यावा. तो जाड झाला, की कण बुडतात आणि सारी मेहनत वाया जाते. जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असल्याने नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि रंगकामाला फुरसत मिळते ती तेव्हाच. परंतु त्या दिवसांतील दमट हवा रंगाची वैरीण असते. आच्छादन नसेल, तर हे काम पावसापूर्वीच उरकणे शहाणपणाचे.

शेवटी एक साधी परीक्षा. सबंध डेक रंगविण्यापूर्वी हातभर फळीवर नमुना करावा, तो सुकल्यावर त्यावर पाणी आणि माशांची बुळबुळ टाकावी, फळी तिरपी करावी आणि तिच्यावर अनवाणी तसेच गमबूट घालूनही उभे राहून पाहावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तळपायाची साक्ष अधिक खरी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून तांडेल नौका पाण्यात लोटतो, तेव्हा वारा आणि लाटा त्याच्या हातात नसतात. खलाशांच्या पायांखालची फळी मात्र त्याच्या हातात असते.