अलिबागचा आलेख आणि सूर्य

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतला एखाद्या शांत दिवसाचा आलेख पाहा. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सकाळी चढू लागतो, दुपारच्या सुमारास कळसाला पोचतो आणि सूर्यास्तानंतर रेघ जवळजवळ सपाट होते. सुमारे ३८ हजार नॅनोटेस्लांच्या क्षेत्रात हा चढउतार जेमतेम काही डझन नॅनोटेस्लांचा असतो, पण तो रोज होतो. याचे कारण पृथ्वीच्या गाभ्यात नाही; तिथल्या घडामोडी काही सूर्योदयाची वाट पाहत नाहीत. शहरातल्या विजेचा हा परिणाम असेल, अशी शंकाही टिकत नाही. विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळण्यासाठीच तर वेधशाळेचे काम १९०४ मध्ये मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला हलवले गेले. खरे कारण शंभरएक किलोमीटर उंचीवर आहे. तिथली हवा विद्युतवाहक असावी आणि चुंबकीय क्षेत्रात ती वाहू लागली की डायनॅमोप्रमाणे विद्युतप्रवाह निर्माण होऊन आलेख हलत असावा, असे बाल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचवले. पुढे थुंब्याहून उडालेल्या रॉकेटांनी असा प्रवाह प्रत्यक्ष भेदून मोजला.

सौरडाग वाढले की हा रोजचा चढउतारही वाढतो, हे १८५२ पासून माहीत आहे. यावर एक रास्त आक्षेप येतो. सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचे एकूण तेज हजारात एक भाग इतकेच बदलते. मग प्रवाह एवढा कसा वाढावा? उत्तर असे, की ऊन या हवेला विद्युतवाहक बनवतच नाही. ते काम टोकाच्या अतिनील व क्ष-किरणांचे, आणि त्यांची तीव्रता चक्राच्या ओघात पटींनी कमीजास्त होते. अर्थात प्रवाह तितक्याच पटींनी वाढत नाही. इलेक्ट्रॉन वाढले की ते आयनांशी पुन्हा जुळण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे किरण चौपट झाले, तर इलेक्ट्रॉन साधारण दुप्पट होतात.

तरीही सगळे श्रेय सूर्याच्या किरणांना देणे चूक ठरेल. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या तिरुनेलवेलीत हा प्रवाह एरवी पूर्वेकडे जोमाने वाहतो, पण काही दिवशी दुपारनंतर तो चक्क उलटा फिरतो. त्या दिवसांत सूर्य बदललेला नसतो, वरच्या थरातले वारे बदललेले असतात. सूर्याचे किरण हवेची वाहकता ठरवतात आणि जोर वारा पुरवतो. म्हणून सौरडागांवरून वर्षाची सरासरी सांगता येते, उद्याचा आलेख नाही.